सहा लिप बाम आणि कौसाआत्याचा ओठ

मनीषाचा फोन आला तेव्हा मी बारावीच्या प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासत बसले होते. मनीषा ही माझ्या कौसाआत्याची सून. मेहकर तालुक्यात डोणगावच्या जवळ एका लहान गावात त्यांचं घर आणि चार एकर वावर आहे. मनीषा एरवी सणावाराला फोन करते आणि आधी घरातल्या सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारते. त्या दिवशी तिनं थेट सुरुवात केली, "ताई, तुमी तं केमिस्ट्री शिकवता ना? मंग आईले समजावून सांगा बाप्पा, आमचं ऐकून नाई राह्यली."

झालं असं होतं की आत्याच्या खालच्या ओठावर पांढुरका, खरखरीत डाग आला होता. तो मधोमध चिरायचा, रक्त यायचं, खपली धरायची, पुन्हा चिरायचा. सहा महिने हेच चाललेलं. मेहकरच्या चामडीच्या डॉक्टरांनी तंबाखूची चौकशी केली (आत्या सुपारीसुद्धा खात नाही), ओठ दाबून पाहिला आणि सांगितलं की वर्षानुवर्षं ऊन लागून हे झालं आहे. ऊन अडवणारा लिप बाम दिवसातून चार-पाचदा लावा, दीड-दोन महिन्यांनी दाखवा, तरी डाग राहिला तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. आत्यानं मेडिकलमधून लिप बाम आणला आणि देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवून दिला. टोपणसुद्धा उघडलं नाही.

"म्हनते, यात काय काय हाय ते समजल्याबिगर मी तोंडाले लावत नाई," मनीषा म्हणाली.

आत्या माळकरी आहे. पंचवीसेक वर्षं तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि बिस्किटाचा पुडाही ती हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय फोडत नाही. ओठाला लावलेलं शेवटी पोटात जातं, हे तिचं म्हणणं. रसायनशास्त्र शिकवणारी म्हणून सांगते, ते शंभर टक्के बरोबर आहे. पण त्या डबीवरची नावं मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत होती. मनीषानं मोबाइलवर फोटो मोठा करून वाचून पाहिलं आणि दुसऱ्या नावाला हात टेकले.

तुकडा काढून कशासाठी तपासतात, हे त्या घरात प्रत्येकाला कळलं होतं. मलाही कळलं. तो शब्द फोनवर आम्ही दोघींनीही काढला नाही. मी चार दिवसांची रजा टाकली आणि शेगावचं तिकीट काढलं.

लोक बुलडाणा जिल्ह्यात दर्शनाला जातात, लोणार बघायला जातात. मी पर्समध्ये सहा लिप बाम घेऊन गेले. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला निघालं असेल तर रस्ते, खाणं, भाडं सगळं खाली ओघात येईलच. पण आधी लिप बामचं सांगते, कारण मी दोन संध्याकाळी त्यांची लेबलं वाचण्यात घालवल्या आहेत आणि ती मेहनत वाया जाऊ देण्याइतकी मी थोर नाही.

ओठाच्या कातडीत उन्हापासून वाचवणारा रंग फारच कमी असतो, म्हणून तिला बाहेरून मदत लागते. ही मदत दोन जातींची मिळते. एक म्हणजे झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड, ही खनिजं ओठावर बसून राहतात आणि ओठ थोडे पांढरट दिसतात. दुसरी म्हणजे ॲव्होबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट वगैरे लांबलचक नावांची मंडळी. ती दिसत नाहीत, पण चिरलेल्या ओठावर काही जणांना चुरचुरतात. माझ्या सहांपैकी दोन पहिल्या जातीचे होते, तीन दुसऱ्या. सहाव्या सुंदर बाटलीवर 'शंभर टक्के नैसर्गिक' असं मोठ्ठं लिहिलं होतं आणि आत खोबरेल, कोकम तेल, गुलाब एवढंच. ऊन अडवणारं त्यात काहीच नव्हतं, एसपीएफचा आकडाही नव्हता. साध्या पेट्रोलियम जेलीचंही तसंच. ओठ मऊ राहतात, ऊन काही अडत नाही. आकडा निदान तीस हवा आणि सोबत पीए लिहिलेलं हवं, म्हणजे दोन्ही प्रकारचे किरण अडतात. मेन्थॉल किंवा कापूर घातलेला थंडगार बाम चिरलेल्या ओठाला अजिबात नको. असं सगळं मी एका कागदावर चौकटी आखून लिहिलं. दोन तासांत आत्याला पटवते आणि उरलेले दिवस भाकरी-ठेचा खाते, असा माझा बेत होता.

पुण्याहून संध्याकाळची नागपूरकडे जाणारी गाडी पकडली तर सकाळी शेगावला उतरता येतं. स्लीपरला साडेतीनशे-चारशेच्या आसपास पडतात. मलकापूर आलं की डब्यातली माणसं आपोआप जागी होतात, कारण तिथून भाषा बदलते. समोरच्या बर्थवरचे काका बायकोला हलवत म्हणाले, "उठ वं, आपलं स्टेशन येऊन राह्यलं," आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. माझे आजोबा या भागातलेच. वडील नोकरीसाठी पुण्याला आले आणि आमच्या घरातून 'मले-तुले' हळूहळू गेलं. आत्याकडे मात्र ते अजून तसंच आहे आणि मला ते कानाला फार गोड लागतं, पुण्यात लोक काहीही म्हणोत.

शेगावला मंदिरात सकाळी लवकर गेलात तर रांग सुसह्य असते. मी बाहेरूनच हात जोडले, स्टेशनजवळ गरम कचोरी खाल्ली (एक खाईन म्हणून गेले, तीन खाल्ल्या) आणि खामगावमार्गे मेहकरची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास जवळजवळ फुकटच वाटतो. रस्ता आता सिमेंटचा आणि रुंद झाला आहे. फेब्रुवारी सरत आला होता. दोन्हीकडे हरभरा सोंगून झालेला, गहू पिवळा पडत आलेला, मधेच एखादा कांद्याचा हिरवा तुकडा. खिडकीतून ऊन मांडीवर येत होतं आणि मांडीवर पर्स होती.

मेहकरच्या आधी शेजारच्या बाईंनी मला कोपर मारलं. "काय सांडलं वं तुहं?"

पर्सच्या तळातून तेल गळत होतं. शंभर टक्के नैसर्गिक बाटली शंभर टक्के पातळ झाली होती आणि माझ्या चौकटीच्या कागदात मुरली होती. तीन कांड्या टोपणातच वितळून गोळा झाल्या होत्या. कॅन्डेलिला हे एका झुडपाचं मेण असतं, ते ज्यांत होतं त्या दोनच ताठ उभ्या होत्या. ही परीक्षा पुण्यात बसून मला सुचली नसती. मी त्या बाईंना सांगितलं की हे ओठाला लावायचं आहे.

"एवढं?" त्या म्हणाल्या. "नुसतं तूप लावत जा माय."

मेहकरला उतरलात तर बालाजीचं दर्शन जरूर घ्या, काळ्या पाषाणातली मूर्ती पाहून माणूस गप्प होतो. तिथून डोणगावला जीप आणि ॲपे ऑटो भरभरून जातात, भरल्याशिवाय मात्र हलत नाहीत. डोणगावच्या फाट्यावर मनीषा स्कूटीवर न्यायला आली होती.

आत्या अंगणात हरभऱ्याचं कुटार, म्हणजे भुसा, सारत होती. एकसष्ट वर्षांची बाई, पण पाठ अशी सरळ की मला माझ्या पाठीची लाज वाटते. तिनं मला पोटाशी धरलं, मग लांब करून पाहिलं आणि मी बारीक झाले असा निकाल दिला. हे ती मी कितीही जाड असले तरी देते. मी तिच्या ओठाकडे न बघायचं ठरवलं होतं. पण बघितलंच. डाग मला वाटला होता त्याहून मोठा होता, बोटाच्या पेरभर, आणि मधली चीर ओली होती. जेवताना तिनं ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली आणि स्वतः दुधात भाकर कुस्करून खाल्ली. ठेच्याशिवाय तिला जेवताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

उन्हं उतरल्यावर ओट्यावर बैठक बसली. आत्या, मनीषा आणि आत्याची शेजारीण सिंधूबाई, जी तिच्याबरोबर वावरात कामाला असते. मी उन्हातून वाचलेल्या आणि अर्धवट वितळलेल्या डब्या मांडल्या. आत्याकडचा मेडिकलवाला बामही कप्प्यातून आणला.

"उद्या एकादशी हाय," आत्यानं आधीच अट घातली. "उपासाले चालल तेच मी लावीन. वाच."

मी चुरचुर, मेन्थॉल, आकडे असं सांगायला लागले. तिनं हात वर केला. "तुहं नोको सांगू. त्यावरचं वाच. पहिलं नाव कोनाचं हाय?"

मी सांगितलं की ज्याचं प्रमाण सगळ्यात जास्त त्याचं नाव पहिलं, मग उतरत जातं.

"लग्नपत्रिकेवानी," सिंधूबाई म्हणाली. "मोठे मानकरी वर, अन् चिल्लेपिल्ले खाली."

"मंग मानकरी सांग," आत्या म्हणाली.

पहिल्या डबीचा मानकरी होता एरंडेल. "चालते. परसात होती आपल्या." मग मधमाशीचं मेण. इथे वाद झाला. मनीषाला शंका होती. आत्यानं क्षणभर विचार केला. "पंचामृतात मध चालते, तं मेन काऊन नाई? पास." पुढच्या डबीत लॅनोलिन होतं, मेंढीच्या लोकरीतली चरबी. चरबी शब्द ऐकून सिंधूबाईनं नाक मुरडलं, पण मेंढी मारावी लागत नाही, लोकर धुताना निघते, असं मी सांगितल्यावर आत्या म्हणाली, "घोंगडीवर बसून आपन पोथी वाचतो, मंग त्याचं काय?" तेही पास झालं. मला वाटलं ही बाई सगळंच पास करणार. तेवढ्यात गुलाबी रंगाची डबी आली. तिच्या तळाशी कार्माइन होतं.

"हे काय हाय?"

मी खरं सांगितलं. किडे वाळवून, कुटून काढलेला लाल रंग असतो तो.

आत्यानं ती डबी दोन बोटांत धरून ओट्याच्या पार टोकाला नेऊन ठेवली. सिंधूबाईला हसू आवरेना. "अवं, पोरी हे लावून फिरते! किडे लावून!" मनीषानं हळूच पदरानं आपले ओठ पुसले. तिच्याकडे तीच डबी होती हे मला नंतर कळलं.

मध-मेणाच्या आणि लोकरीच्या डब्यांसकट 'फ्लेवर' लिहिलेल्या सगळ्याच डब्या शेवटी बाद झाल्या, कारण कसला फ्लेवर ते मलाही सांगता येईना आणि न कळणारं काहीच चालणार नव्हतं. शेवटी उरली ती एक कांडी. एरंडेल, कॅन्डेलिलाचं मेण, कोकम, झिंक ऑक्साइड. वास नाही, रंग नाही.

"झिंक म्हंजे?"

"जस्त."

"जस्त? पत्र्याचं?"

मी जराशी घाबरलेच. पण आत्या घरावरच्या पत्र्यांकडे बघत होती. "पत्रा ऊन अडवते घराचं. हे ओठाचं अडवल. बराबर हाय." तिनं टोपण उघडलं, वास घेतला, करंगळीनं लावून पाहिलं. दोन तास लागले होते आणि माझा बेत फत्ते झाला होता. त्या संध्याकाळी मी स्वतःवर इतकी खूश होते की काही विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी साबुदाण्याची उसळ खाऊन (खिचडी म्हटलंत तर तिकडे दुरुस्ती होते) आम्ही वावरात गेलो. आत्याच्या एका एकरात भेंडीचा बियाण्याचा प्लॉट आहे. या भागात हे काम बरंच चालतं आणि त्याला सगळे 'क्रॉसिंग' म्हणतात. आदल्या दुपारी कळीतले पुंकेसर काढून तिच्यावर लाल कागदाची टोपी घालायची. सकाळी टोपी काढून दुसऱ्या वाणाच्या फुलाचे पराग लावायचे, टोपी परत चढवायची आणि देठाला धागा बांधायचा. पुढे धाग्याच्या भेंड्या तेवढ्या बियाण्याला घेतात. धागा नसेल ती भेंडी बाद, मग आत बी कितीही चांगलं असो.

भेंडीनं अंग खाजतं म्हणून सगळ्या बायकांनी साडीवर नवऱ्याचे नाहीतर मुलाचे जुने फुल बाह्यांचे शर्ट घातले होते आणि दुपट्ट्यांनी तोंडं बांधली होती. फक्त डोळे दिसत होते. आत्यानं दुपट्टा हनुवटीखाली बांधला होता. ओठ उघडे, आणि ओठांत कापलेल्या धाग्यांचा झुबका. एका हातात कळी, दुसऱ्या हातात परागाचं फूल, आणि ओठातून एक-एक धागा ओढून गाठ. तिचे हात चालताना पाहात राहावं असे चालतात. सगळ्या बायकांत ती दोन ओळी पुढे होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पंधरा-सोळा वर्षं रोज सकाळी तिनं ओठ असे उन्हात धरले होते. मी लेबलं वाचत बसले, तिचं काम काय आहे हे विचारलंच नव्हतं.

"कौसाबाई, दूध पिऊन आली का वं?" कोणीतरी तिच्या पांढऱ्या ओठावरून चिडवलं. आत्या धागे ओठात धरूनच हुंकारली.

नऊच्या सुमारास ती आपल्याच ओळीतून मागे फिरली आणि वाकून मातीत काहीतरी बघायला लागली. मी गेले. मातीत धागे पडले होते. एक, दोन, मग बरेच. बामच्या तेलकटपणानं धागे निसरडे झाले होते आणि गाठी सुटून येत होत्या. कुठल्या कळीचा धागा कुठला, आता काहीच कळायला मार्ग नव्हता. आत्यानं तोंडातला झुबका काढून टाकला, शर्टाच्या बाहीनं ओठ खसाखसा पुसला. चीर उघडली आणि रक्त आलं.

"नोको बाई तुहं," ती म्हणाली. "माह्या दोन तासाचं काम गेलं."

मी मूर्खासारखी लगेच उपाय सांगायला लागले. धागे बटणाला अडकव. तोंड बांध.

"हात पुरत नाई तसा. मागं पडते मानूस."

"मग पडू दे मागे!"

"सोपं हाय तुले."

"आत्या, तुला कॅन्सर झाला तर?"

बोलून गेले. आसपासच्या ओळींतल्या बायकांचे हात थांबले. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. आत्या माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यानं मी आणखीच गडबडले.

"बोलली एकदाची," ती म्हणाली. "घरात समदे माह्या ओठाकडं पाह्यते अन् मंग खाली पाह्यते. मनीषा बोलत नाई. पोरगा बोलत नाई. डॉक्टरबी नुसता तुकडा, तुकडा करते. मले का समजत नाई?" तिनं नवा कोरडा झुबका घेतला, ओठात धरला आणि कामाला लागली.

त्या दिवशी आमचं फारसं बोलणं झालं नाही. तिचा उपास होता, माझा अबोला. मला माझाच इतका राग आला होता की तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच लोणारला निघून गेले. माझी ही खोड जुनी आहे, चूक माझी असली की मी फिरायला जाते. मेहकरहून लोणारला एसटीनं तासाभरात पोचता येतं. सकाळी लवकर जा, सोबत पाणी भरपूर घ्या, काठावरून खाली उतरणार असाल तर पायात बूट हवेतच. दैत्यसूदनाच्या देवळातलं कोरीवकाम बघायला अर्धा तास ठेवा. सरोवराचं पाणी शांत हिरवं होतं, झाडीत मोर ओरडत होते आणि मी काठावर बसून आत्याचा विचार करत होते. इतक्या सुंदर जागी इतकी वाईट सोबत कोणालाच मिळू नये. मी बाराच्या आतच परतीची गाडी धरली.

साडेतीनला थेट वावरात गेले. कळ्यांना टोप्या घालायचं काम चालू होतं. सगळ्या बायकांची तोंडं बांधलेली. आत्या कुठे दिसेना. सिंधूबाईनं बोट दाखवलं तेव्हा कळलं, पुढच्या ओळीतल्या निळ्या शर्टातली, डोळ्यांपर्यंत दुपट्टा बांधलेली बाई म्हणजेच आत्या. शर्टाच्या वरच्या बटणाला सकाळच्या उरलेल्या धाग्यांचा झुबका सुतळीनं बांधलेला होता.

मी काही बोलायच्या आत तिनं दुपट्ट्यातूनच दम भरला. "तू बोलली म्हनून नाई. सिंधू बटनाले बांधते अन् तिचा धागाबी पडत नाई, हे मी पाह्यलं सकाळी."

"मागे पडलीस का?"

"पडली. एक ओळ." मग एका कळीला टोपी घालून, "उद्या नाई पडनार."

"आणि बाम?"

तिनं दुपट्टा खाली ओढला. ओठ पिठूळ पांढरा होता. "कपड्याखाली लावला. आता काय पुसत नाई." मला तिला तिथेच मिठी मारायची होती, पण तिच्या शर्टावर सगळीकडे भेंडीची लव होती आणि ती म्हणाली, "लांब राह्य, खाजवत बसशील."

मग तिनं कामातून मान वर न करता विचारलं, "तुकडा काढते म्हंजे केवढा काढते?"

"मुगाच्या दाण्याएवढा. जागा बधिर करून."

"अन् मंग?"

मी सगळं सांगितलं. किती दिवसांत कळतं, काय काय निघू शकतं, निघालं तर काय करतात. ओठाचं लवकर कळलं तर पुष्कळ करता येतं, हेही सांगितलं. ती दोन-दोन कळ्यांमागे एक प्रश्न विचारत होती, पहिल्या संध्याकाळी डबीवरची नावं विचारली होती तशीच, क्रमानं, काहीही न वगळता. तिला उपासाची काळजी होतीच. पण कोणीतरी शेजारी बसून सगळं नीट वाचून दाखवावं, ही तिची खरी गरज होती आणि ती सहा महिने कोणी भागवली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते भेंडीच्या लवेमुळे आलं असं मी सांगितलं आणि तिनं ते ऐकून घेतलं.

चौथ्या दिवशी निघाले. आत्यानं शिदोरीला ज्वारीच्या भाकरी, बेसन (म्हणजे आपलं पिठलं) आणि माझ्यासाठी ठेचा बांधून दिला. परत येताना मी मेहकरहून पुण्याची खासगी बस घेतली, समृद्धी महामार्गावरून जालन्यापर्यंत ती पाणी कापल्यासारखी येते. भाडं रेल्वेच्या दुप्पट पडतं, पण बदलाबदली नाही. ती झिंकची कांडी आत्याकडे ठेवली आणि तशाच आणखी तीन पोस्टानं पाठवल्या. तुम्ही मला विचाराल की सहांपैकी कुठला घ्यावा, तर मी म्हणेन, वास नसलेला, मेन्थॉल नसलेला, आकडा तीस किंवा त्याच्या वरचा, आणि त्या गावच्या उन्हात पर्समध्ये टिकणारा. दर दोन तासांनी लावा. आणि लावणारी व्यक्ती दिवसभर काय काम करते, ते आधी बघून या. शेतात तोंडावर बांधलेला दुपट्टा कुठल्याही बामपेक्षा जास्त ऊन अडवतो, हे मला पन्नास रुपयांच्या दुपट्ट्यानं शिकवलं.

दोन महिन्यांनी चीर भरून आली. डाग मात्र थोडा उरला. डॉक्टर म्हणाले, काढून बघू. आत्या हो म्हणाली, एकटीनंच, मनीषाला विचारायच्याही आधी.

परवा मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत असताना मनीषानं फोनवर रिपोर्टचा फोटो पाठवला. पाठोपाठ आत्याचा फोन आला.

"आला का कागद? वाच."

"डॉक्टरांनी नाही सांगितलं?"

"त्याईले संध्याकाळी भेटतो. तू वाच."

मी फोटो मोठा केला. खरं सांगते, माझी नजर आधी तळाशी गेली. कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत, असं तिथे लिहिलं होतं. उन्हानं झालेला सौम्य बदल, लक्ष ठेवावं. मग मी वरून वाचायला लागले, आत्याचं नाव, वय, नमुना कुठून घेतला. तिसऱ्या ओळीला माझा आवाज फाटला.

"काय वं," आत्या म्हणाली, "रडून राह्यली का हसून राह्यली?"

"दोन्ही."

पलीकडे ती वावरात असावी, मागे बायकांचा गलबला ऐकू येत होता.

"समजलं मले," ती म्हणाली. "पन थांबू नोको. समदं वाच. माह्या ओठाचं हाय ते."